कार्ल्याला जाताना: पायऱ्या किती, उजेड कधी आणि दार कोणी केलं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझे वडील सुतार आहेत. भोर तालुक्यात चाळीसेक वर्षं त्यांनी घरांची छपरं चढवली, मोडकळीला आलेल्या वाड्यांचे खांब बदलले, लग्नाघरचे पाट-चौरंग केले. आता वय ७८. हात थरथरतो म्हणून वाकस, म्हणजे लाकूड तासायचं हत्यार, धरत नाहीत. माझ्याकडे चिंचवडला राहायला आल्यापासून दिवसभर बसून असतात. गेल्या सप्टेंबरात मी सहज बोलून गेले, "आप्पा, कार्ल्याच्या लेण्यात दोन हजार वर्षांपूर्वीचं लाकूड अजून जागेवर आहे." त्यांनी हातातला पेपर खाली ठेवला.

"उघड्यावर?"

"नाही, आत. छताला."

"कुठलं लाकूड?"

"सागवान म्हणतात."

"मग चल, बघू."

एवढ्यावरून ठरलं. पण म्हाताऱ्या माणसाला घेऊन कार्ल्याला जायचं ठरवणं किती अवघड आहे, हे मला त्यानंतर कळलं. तेच लिहिण्यासाठी हे पत्र.

पायऱ्या किती, हा माझा पहिला प्रश्न होता. आप्पांचा उजवा गुडघा दुखरा आहे, तेव्हा मला आकडा हवा होता. ऑफिसातल्या एकीने साडेतीनशे सांगितल्या, शेजारच्या काकूंनी पाचशे. प्रवासाची माहिती देणाऱ्या एका संकेतस्थळावर 'जेमतेम शंभर पायऱ्या, सहज चढता येतात' असं लिहिलेलं होतं. मला तेच खरं असावंसं वाटत होतं, म्हणून मी ते खरं धरलं. शिवाय सुट्टी म्हणून रविवार निवडला, आणि तोही नवरात्रातला. एकवीरा आईचं देऊळ चैत्यगृहाच्या, म्हणजे लेण्यातल्या बौद्ध प्रार्थनागृहाच्या, अगदी तोंडाशी आहे, कोळी, आगरी, सीकेपी आणि कितीतरी घराण्यांची ती कुलदेवी, नवरात्रात तिथे काय गर्दी असते हे मला माहीत असायला हवं होतं. ही चूक माझीच.

पायथ्याच्या वेहेरगावातून वर निघालो. हार-नारळाच्या दुकानांमधून, माणसांच्या रेट्यात, आप्पा साठ-सत्तर पायऱ्या चढले आणि कठड्याला धरून उभे राहिले. बसायला जागा नव्हती. फुलं विकणाऱ्या एका बाईंनी आपलं स्टूल दिलं, तांब्याभर पाणी दिलं. त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही. पाऊण तास तिथे बसल्यावर आप्पा म्हणाले, "मी इथं थांबतो. तू वर जाऊन बघून ये, आणि लाकडाचे सांधे कसे केलेत ते मला सांग."

मी गेले. देवळाच्या रांगेतून वाट काढत लेण्यात शिरले, तेव्हा सकाळचे साडेदहा झाले होते. आत अंधार. वर बघितलं तर काळपट कमानींशिवाय काही कळेना. मोबाइलवर फोटो काढले आणि खाली येऊन आप्पांना दाखवले. त्यांनी ते बराच वेळ डोळ्यांजवळ धरून पाहिले. "यात सांधा दिसत नाही," एवढंच म्हणाले आणि मोबाइल परत दिला. घरी येताना गाडीत दोघंही गप्प होतो.

दुसऱ्या खेपेची तयारी मी नीट केली. माझी भाची आर्किटेक्चर शिकते. तिने सांगितलेली पहिली गोष्ट मला कुणीच सांगितली नव्हती: कार्ल्याच्या चैत्याचं तोंड पश्चिमेला आहे. म्हणजे सकाळी गेलात तर सूर्य डोंगराच्या मागे असतो. दाराच्या वर घोड्याच्या नालासारखी जी मोठी खिडकी आहे, तिच्यातून उजेड आत येतो तो दुपारनंतर. ज्यांनी हे खोदलं त्यांनी उजेडाचा विचार करूनच ही खिडकी ठेवली. आणि आपण मात्र 'लवकर निघू, लवकर परत येऊ' म्हणून सकाळी जातो आणि अंधार बघून परत येतो.

दुसरी गोष्ट तिने कॉलेजच्या ग्रंथालयातून आणलेल्या पुस्तकात होती. कार्ल्याचे शिलालेख फ्रेंच अभ्यासक एमिल सेनार यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वाचून छापले. त्यांत वैजयंती नगरीच्या भूतपाल श्रेष्ठीचा, म्हणजे शेठचा, प्रसिद्ध लेख आहे, जंबुद्वीपातलं, म्हणजे भारतवर्षातलं, सर्वांत उत्तम असं हे शैलगृह आपण पुरं केलं, असं सांगणारा. क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याने इथल्या भिक्षूंना गाव दान दिल्याचा लेख आहे. खांबांवर धेनुकाकट या गावच्या यवनांची, म्हणजे ग्रीकांची, नावं आहेत. हे सगळं शाळेत थोडंफार कानावरून गेलेलं होतं. पण दाराजवळच्या एका छोट्या लेखाबद्दल मी कधीच ऐकलं नव्हतं. त्याचा अर्थ असा: धेनुकाकटाच्या सामी नावाच्या वढकीने, वेणुवासाच्या मुलाने, या घराचं मुख केलं. मुख म्हणजे दार. आणि वढकी म्हणजे सुतार.

मी ते तीनदा वाचलं. मग वर्ध्याला सासूबाईंना फोन लावला, कारण त्यांच्याकडे सुताराला आजही वाढई म्हणतात. वढकी, वाढई. दोन हजार वर्षं हा शब्द आपल्या तोंडात आहे. राजांची, शेठांची नावं कोरलेली असतात याचं नवल नाही. इथे हाताने काम करणाऱ्याचं नाव आहे, त्याच्या बापाचं आहे, गावाचं आहे आणि त्याने नेमकं काय केलं तेही आहे. आप्पांनी बांधलेल्या एकाही घरावर त्यांचं नाव नाही.

हे मी त्यांना आधी सांगितलं नाही. तिथेच सांगायचं ठरवलं.

जानेवारीतला बुधवार निवडला. मंगळवार आणि रविवार देवीच्या गर्दीचे म्हणून टाळले. चैत्रातल्या यात्रेच्या दिवसांत तर वयस्कर माणसाला केवळ लेणं बघायला कुणी नेऊच नये. लोकलने मळवलीला उतरणं स्वस्त आहे, पण दुपारच्या गाड्या मोजक्याच आणि परतीचं नक्की नाही, म्हणून ओळखीच्याची रिक्षा सांगितली. गाडी डोंगराच्या बऱ्याच वरपर्यंत जाते, हेही मला पहिल्या खेपेला माहीत नव्हतं. पायऱ्या तरीही उरतातच. सोबत घडीची खुर्ची घेतली, पाणी, दोन केळी, आणि आप्पांनी न सांगता त्यांची बॅटरी. घाई करायची नाही असं ठरवून दर पंधरा पायऱ्यांना खुर्ची मांडली. लोक बघत होते. बघू देत. तिकीट २५ रुपये होतं. आम्ही अडीचच्या सुमारास वर पोचलो.

आप्पा आधी आत गेलेच नाहीत. बाहेर डाव्या हाताला चार सिंहांचा उंच खांब आहे, त्याच्याकडेही त्यांनी नुसती नजर टाकली. ते उभे राहिले दर्शनी दगडी भिंतीपुढे आणि काठीने वर दाखवू लागले. दगडात चौकोनी खाचा आहेत. मी त्या पहिल्यांदा बघितल्याच नव्हत्या. "इथं तुळया बसलेल्या. पुढे लाकडाचा सज्जा असणार," ते म्हणाले. भाचीच्या पुस्तकातही तेच होतं, पण आप्पांनी पुस्तक उघडलेलं नव्हतं.

आत गेल्यावर त्यांनी चपला काढल्या. तसं कुणी सांगितलं नव्हतं. सुमारे १२४ फूट लांब आणि ४५ फूट रुंद अशी ती जागा, उंचीही जवळपास रुंदीएवढीच, आणि सगळी एका डोंगरातून कोरून काढलेली. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा नक्षीदार खांब, त्यांच्या डोक्यावर बसलेले हत्ती आणि हत्तींवर जोडपी. स्तूपाच्या मागे सात साधे आठ पैलूंचे खांब. नक्षीच्या खांबांच्या तळाशी दगडी घडा कोरलेला आहे. आप्पांनी वाकून त्या घड्यावरून हात फिरवला. आमच्याकडे घर बांधताना लाकडी खांब थेट जमिनीत पुरत नाहीत, ओल आणि वाळवी लागते म्हणून खाली दगडाचा तळखडा देतात. "आपण तळखडा देतो, त्यांनी घडा दिलाय," आप्पा म्हणाले. "हे लाकडाचं घर आहे गं. दगडात केलंय, पण डोक्यात लाकूड आहे."

मी त्यांना खुर्चीवर बसवलं, मधोमध. तीन वाजून गेले होते. खिडकीतून उजेड आत येऊ लागला आणि नवरात्रात मला जे नुसतं काळं दिसलं होतं, ते हळूहळू उलगडायला लागलं. छताच्या कमानीला एकामागोमाग एक लाकडी फासळ्या आहेत, खांबांच्या वरून निघून पलीकडे उतरणाऱ्या, आणि टोकाला स्तूपाच्या डोक्यावर लाकडाचीच छत्री. अभ्यासक हे लाकूड मूळचंच मानतात. आप्पांनी बॅटरी लावली, मग बंद केली. उजेड पुरेसा होता.

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "या फासळ्यांवर भार नाही. दगड आपला आपण उभा आहे. या काढल्या तरी छत पडणार नाही." मी विचारलं, मग लावल्या कशाला? "छप्पर म्हटलं की फासळ्या आल्या. त्यांना त्यांच्याशिवाय छप्पर दिसत नसेल." एवढ्या वर्षांत वाकल्या कशा नाहीत, याचंही उत्तर त्यांनी स्वतःशीच दिलं: भार नाही, पाऊस नाही, ऊन पोचतं तेही तिरपं. मग त्यांना एका फासळीत सांधा दिसला. मला अजूनही दिसला नाही. पण त्यांनी बोटाने हवेत ती खाच काढून दाखवली, दोन्ही हातांचे पंजे एकमेकांत बसवून दाखवले, आणि त्या दहा मिनिटांत त्यांचा हात थरथरला नाही.

निघताना दाराशी थांबवून मी त्यांना सामीबद्दल सांगितलं. धेनुकाकटाचा, वेणुवासाचा मुलगा, सुतार, त्याने हे दार केलं. ते म्हणाले, "कुठं लिहिलंय, दाखव." आणि इथे मी अडले. भिंतीवर किती तरी ब्राह्मी ओळी. त्यातली सामीची कुठली, हे मला सांगता येईना. पुस्तक ग्रंथालयाचं, घरी राहिलेलं. आम्हाला जवळपास त्या लेखाचा मराठी अर्थ सांगणारी पाटी दिसली नाही. आप्पांनी शेवटी दाराच्या उजव्या-डाव्या दोन्ही बाजूंना हात लावला आणि आम्ही उतरलो. पाचची वेळ होत आली होती, पहारेकरी लोकांना बाहेर काढत होते.

संपादक महोदय, मी काही संशोधक नाही, पतपेढीत हिशेब लिहिते. पण मला वाटतं की या वास्तूची काळजी वाहणाऱ्यांना एवढं करणं फार जड नाही: वेहेरगावात, चढायला सुरुवात करतो तिथे, पायऱ्यांचा खरा आकडा मोठ्या अक्षरांत लिहावा. दर पन्नास पायऱ्यांवर आकडा रंगवावा, आणि तिथे टेकायला दगडाचा ओटा असावा. ज्याचे गुडघे दुखतात तो मग खालीच ठरवू शकेल की जायचं की नाही. आतला उजेड कोणत्या वेळी चांगला असतो, हे तिकिटाच्या खिडकीवर एका ओळीत लिहिता येईल. आणि शिलालेखांजवळ मराठीत अर्थ लावावा. नुसता 'येथे ब्राह्मी लिपीतील लेख आहेत' असा नको, प्रत्येक लेखाचा वेगळा, कुणी काय दिलं ते सांगणारा. सामीच्या लेखाचा तर नक्कीच.

आईच्या दर्शनाला जाणाऱ्या सगळ्यांना माझी हात जोडून विनंती आहे, रांगेतून बाहेर आल्यावर लगेच खाली उतरू नका. चैत्य तिथेच आहे, देवळाला लागून. मुलांना आत न्या, पाच मिनिटं शांत बसवा, वर बघायला सांगा. घरात कुणी सुतारकाम, गवंडीकाम केलेलं असेल तर त्यांना न्याच. त्यांना जे दिसतं ते आपल्याला दिसत नाही.

आता आप्पांना भाजे बघायचं आहे. मळवली स्टेशनच्या दुसऱ्या बाजूला आहे, कार्ल्याहून जुनं. तिथले २७ खांब आतल्या बाजूला कललेले आहेत, लाकडी खांब छपराच्या रेट्याला टेकू म्हणून तिरके रोवावेत तसे, आणि छताच्या फासळ्या तिथेही लाकडाच्याच. हे ऐकल्यापासून ते रोज विचारतात कधी जायचं. मी फेब्रुवारीतला एखादा गुरुवार धरून ठेवला आहे. आपल्या वाचकांपैकी कुणी भाज्याच्या पायऱ्या स्वतः चढून मोजल्या असतील, तर कृपया आपल्या दैनिकातून कळवावं. अंदाज नको, मोजलेला आकडा हवा. आणि पायरीची उंची किती, वाटेत सावली कुठे आहे, हेही जमलं तर लिहावं.

आपली,
एक वाचक, चिंचवड