तिप्पट आहे की!

प्रिय ताई,

घरात तुझे आभार मानायला गेलं की "गप रे" म्हणून उठून जातेस. म्हणून चारचौघांत लिहितोय. शिवाय तुझ्या डेपोत अजून समजूत आहे की रक्त घडवणाऱ्या मूळपेशी देणाऱ्याच्या पाठीत सुई भोसकतात आणि माणूस जन्माचा अधू होतो. त्यांनीही वाचावं.

सहा वर्षं माझ्या अंगाला इसब समजून मलमं लागली. सकाळी चादर झटकली की वाटीभर कोंडा पडायचा. तिसऱ्या बायोप्सीत नाव कळलं, मायकोसिस फंगॉइडिस. नावात फंगस, पण बुरशी नव्हे, टी-पेशींचा, म्हणजे एका जातीच्या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर. (मावशीने तरी कडुनिंबाचा पाला पाठवलाच.) तोवर तो लसिका गाठींपर्यंत गेला होता.

केमोने दबायचा, पुन्हा उसळायचा. दात्याच्या मूळपेशी घातल्या तर त्या आजाराला परका म्हणून ओळखतात आणि मारतात, असं डॉक्टरांनी समजावलं. फ्रान्समधल्या ९९ रुग्णांचा २०२३ साली छापून आलेला अभ्यासही सांगितला. प्रत्यारोपणाच्या गटात आजार न वाढता गेलेला काळ मध्यकाने (निम्म्यांचा याहून जास्त, निम्म्यांचा कमी) ९ महिने, दुसऱ्या गटात ३. नऊच? माझं तोंड उतरलं. पण तू पडलीस कंडक्टर. "तिप्पट आहे की!" म्हणालीस.

सख्ख्या भावंडाच्या पेशींवरच्या ओळखखुणा (एचएलए) पूर्ण जुळायची शक्यता चारात एक. दादाच्या जुळल्या नाहीत, तुझ्या दहापैकी दहा. मला अंगभर किरणांचे शेक दिले, तुला पाच दिवस मूळपेशी रक्तात उतरवायची इंजेक्शनं. एसटीच्या मागच्या सीटवर बसून कशेडी घाट उतरल्यासारखी कंबर ठणकत होती, हे तुझेच शब्द. मग दोन्ही हातांत सुया, साडेचार तास मशिनवर. पाठीला कुणी हातही लावला नाही. ओठांना मुंग्या आल्या, कॅल्शियम दिलं. तेवढ्यात नाकाला खाज सुटली आणि हात हलवायची सोय नाही. व्हिडिओ कॉलवर म्हणालीस, "बाळ्या, सहा वर्षं कशी काढलीस रे?"

संध्याकाळी तुझ्या पेशींची पिशवी माझ्या खोलीत आली, टोमॅटोच्या साराच्या रंगाची. तासाभरात संपली.

पुढे तुझ्या पेशींनी माझ्या तळहातांवर पुरळ उठवलं, पोट बिघडवलं. त्यावरच्या गोळ्या अजून चालू आहेत. माझा ओ रक्तगट जाऊन तुझा बी आला. लायसन्सवर बदलायचा राहिलाय.

परवा हिने चादर झटकली. काही पडलं नाही. उलटी करून पुन्हा झटकली.

तुझा,
बाळ्या