नाचाच्या ठेक्यावरचा शोक

संपादक महोदय,

दुःखाचे गाणे म्हणजे संथ लय आणि कातर स्वर, हे समीकरण आपल्या मनात इतके पक्के आहे की नाचाच्या ठेक्यावरही शोक व्यक्त होऊ शकतो, हे चटकन पटत नाही. लंडनच्या गायिका रोमी मॅडली क्रॉफ्ट यांचा सप्टेंबर 2023 मध्ये आलेला ‘मिड एअर’ हा पहिला एकल अल्बम म्हणूनच लक्षपूर्वक ऐकावासा वाटतो. ‘द एक्सएक्स’ या तिघांच्या बँडमध्ये जवळजवळ कुजबुजत गाणाऱ्या रोमी यांनी बालपणी आई आणि तरुणपणी वडील गमावले. फ्रेड अगेन या संगीत निर्मात्यासह केलेले ‘स्ट्राँग’ हे गाणे त्यांनी, स्वतःप्रमाणेच लहानपणी आईला मुकलेल्या, नात्यातल्या एका भावाला उद्देशून लिहिले. सतत खंबीर राहण्याचा ताण थोडा उतरवून ठेव, एवढेच त्यात सांगणे आहे. अल्बममधली बरीचशी गाणी प्रेमाची आहेत, आणि काही ठिकाणी चकचकीत ध्वनियोजना शब्दांवर कुरघोडी करते, हेही मान्य करायला हवे. तरीही ‘स्ट्राँग’मध्ये सिंथेसायझरचे सूर चढत जातात आणि आवाज मात्र हळवाच राहतो, तेव्हा तो ठेका दुःख विसरायला लावत नाही, ते सोबत घेऊन नाचायला लावतो.

– एक वाचक, पुणे