गोळी किती वाजता घेता, एवढं विचारायला कोणीतरी हवं

संपादक महोदय,

आमची आई ६८ वर्षांची, शुगर आणि बीपी दोन्ही, बरीच वर्षं सरकारी आरोग्य केंद्राच्या गोळ्यांवर आहे. मधे तिला सकाळी दहाच्या सुमाराला सारखी चक्कर यायची, हात थरथरायचे, दरदरून घाम फुटायचा. तीनदा ओपीडीत नेली. आठला केसपेपर काढायचा, दोन-अडीच तास बाकावर बसायचं आणि आत गेल्यावर दोन मिनिटं पण नाही, रिपोर्ट बघितला, गोळ्या लिहिल्या, पुढचा नंबर. आई तोंड उघडेपर्यंत दुसरा पेशंट स्टुलावर येऊन बसायचा. मग तिने घरी आपल्याच मनाने गोळी अर्धी केली, शुगर वाढली आणि ओरडा परत तिलाच.

शेवटी कळलं ते तिथल्या एका नर्सबाईंमुळे. बीपीचा पट्टा बांधता बांधता त्यांनी विचारलं, गोळी किती वाजता घेता आणि खाता कधी? आई म्हणाली, गोळी सहाला चहाबरोबर, मग कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) जाते आणि पेज अकराला. झालं, सगळं तिथेच आलं. शुगर उतरवणारी गोळी घेतलेली आणि पाच तास पोटात अन्न नाही, वर कुळागरातलं काम! त्यांनी डॉक्टरांच्या कानावर घातलं, डॉक्टरांनी लगेच गोळीची वेळ बदलून दिली, सकाळी काहीतरी खायला सांगितलं आणि चक्कर थांबली. ना नवीन औषध ना नवी टेस्ट.

डॉक्टरांना मी दोष देत नाही. बाहेर एवढी रांग असताना माणूस ऐकणार तरी किती? २०१७ मध्ये बीएमजे ओपन या वैद्यकीय नियतकालिकात ६७ देशांचा आढावा आला होता, त्यात डॉक्टर एका पेशंटला सरासरी किती वेळ देतात तर बांगलादेशात ४८ सेकंद आणि स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं. आपली ओपीडी यातल्या कुठल्या टोकाला आहे ते बाकावर बसलेल्या कोणालाही विचारा.

पण वेळ डॉक्टरांचाच पाहिजे असं कुठे आहे? आपल्या गोव्यातच हे सिद्ध झालंय. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल आणि मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या संगत संस्थेने इथल्या १२ सरकारी आरोग्य केंद्रांत आणि १२ खाजगी दवाखान्यांत मानस नावाचा प्रयोग केला, २०१० मध्ये तो लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. वैद्यकीय शिक्षण नसलेल्या बायकांना साधारण दोन महिने ट्रेनिंग देऊन उदास, चिंताग्रस्त पेशंटांशी बोलायला बसवलं. सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी शंभरातले जवळपास ६६ बरे झाले, जिथे अशी बाई नव्हती तिथे ४२-४३. खाजगीत फरक दिसला नाही कारण तिथले पेशंट आधीच तेवढे बरे होत होते, आणि मला वाटतं ते फॅमिली डॉक्टर घरातल्या सगळ्यांना ओळखतो म्हणूनच.

दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत आपल्याकडे गोव्यात मोठ्या कुटुंबाला वर्षाला चार लाखांपर्यंत हॉस्पिटलचा खर्च मिळतो, चांगलंच आहे, पण हॉस्पिटलात जायची पाळीच येऊ नये म्हणून प्रत्येक आरोग्य केंद्रात बोलायला बसणारं एक माणूस कायमच्या पोस्टवर का नको? शुगर-बीपीवाल्यांना दुपारची वेगळी वेळ द्या, म्हणजे तापवाल्यांच्या रांगेत ते चेंगरणार नाहीत. आणि शक्य तेवढा तोच डॉक्टर ठेवा, दरवेळी पहिल्यापासून सांगताना म्हातारी माणसं अर्धं विसरतात.

त्या नर्सबाईंची आता बदली होणार असं ऐकलं. त्यांच्या जागी येणाऱ्याला आईच्या पेजेची वेळ कुठून कळणार? केसपेपरवर फक्त गोळीचं नाव आणि १-०-१ (सकाळी एक, रात्री एक) एवढंच लिहिलेलं असतं. निदान त्या कागदावर पेशंट कधी जेवतो, काय काम करतो, याची एक ओळ तरी छापा.

– एक वाचक, डिचोली