बारावी पास झालेल्या कर्णबधिर मुलांनी पुढे कुठे जायचं?

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी मे महिन्यात बारावीचा निकाल लागला की तुमच्या जिल्हा पानावर कर्णबधिर विद्यालयाच्या शंभर टक्के निकालाची बातमी असते. मुलं हातात पेढे घेऊन उभी, मागे शिक्षक. तीन वर्षांपूर्वीच्या अशाच एका फोटोत डावीकडून दुसरी उभी असलेली मुलगी माझी आहे. ते कात्रण आमच्या देव्हाऱ्याशेजारी अजून चिकटवलेलं आहे. पण या मुलांचं पुढच्या जूनमध्ये काय होतं, हे त्यानंतर कुणी विचारत नाही, म्हणून लिहायला बसलो.

मी एसटीत वाहक आहे. कोकणात राहतो. तालुक्याचं नाव मुद्दाम देत नाही, कारण मला कुणा एका साहेबाची तक्रार करायची नाही. मुलगी जन्मापासून कर्णबधिर. कुकरची शिट्टी झाली तरी ती मान वळवत नाही, हे आधी तिच्या आजीच्या लक्षात आलं. पहिलीपासून निवासी शाळेत वाढली. तिची भाषा खुणांची. मी, तिची आई आणि धाकटा भाऊ, आम्ही तिघं ती भाषा तिच्याकडूनच शिकलो. गावात बाकी कुणाला ती येत नाही.

बारावीनंतर जवळच्याच कॉलेजात तिला प्रवेश मिळाला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव असतात, तशी तिची जागा. कागदावर सगळं नीट होतं. वर्गात मात्र सर फळ्याकडे तोंड करून बोलायचे, आणि वळले तरी ओठांवरून सगळं कळत नाही. दुभाषी नव्हता. तीन महिने ती रोज साडेनऊच्या गाडीने गेली आणि वही जवळजवळ कोरी घेऊन परत आली. दिवाळीच्या सुट्टीनंतर म्हणाली, बाबा, मी तिथे फक्त बसते. मी त्यावर काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी जाऊन तिचं नाव काढून घेतलं.

तिच्या शाळेतली एक मोठी मैत्रीण तिरुअनंतपुरमला शिकत होती. तिने व्हिडिओ कॉलवर सांगितलं तेव्हा आम्हाला 'निश' हे नाव पहिल्यांदा कळलं. नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्पीच अँड हिअरिंग ही केरळ सरकारच्या सामाजिक न्याय खात्याखालची स्वायत्त संस्था, १९९७ साली सुरू झालेली. तिथे खास कर्णबधिर मुलांसाठी पदवीचे वर्ग आहेत: संगणकशास्त्र, ललित कला, वाणिज्य. पदवी केरळ विद्यापीठाची. शिकवणं खुणांमधून, वाचन-लेखन इंग्रजीत.

आणि इंग्रजीपाशीच आम्ही अडलो. आपलं बोर्ड कर्णबधिर मुलांना भाषा विषयांत सवलत देतं, एकाच भाषेवर दहावी होता येतं. सवलत वाईट नाही. ज्या मुलाने एकही भाषा कानाने ऐकली नाही त्याच्यावर तीन भाषा लादायच्या कशा? पण आठवीत त्या अर्जावर मी सही केली तेव्हा, या सहीने पुढची कोणती दारं बंद होतील हे मला कुणी सांगितलं नाही. अठराव्या वर्षी माझी मुलगी इंग्रजीचं साधं वाक्य लिहायला बसली. पूर्ण वर्ष त्यात गेलं. तिच्या शाळेतल्या निवृत्त बाईंनी एक पैसा न घेता आठवड्यातून चार दिवस शिकवलं. त्या नसत्या तर मुलगी आज घरी भाकऱ्या थापत असती.

त्याच वर्षात कागदपत्रं. तिचं जुनं दिव्यांग प्रमाणपत्र हाताने लिहिलेलं होतं. जून २०२१ पासून प्रमाणपत्र यूडीआयडीच्या, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राच्या, संकेतस्थळावरूनच निघतं. आधार कार्डावर आडनावात एक अक्षर जास्त पडलेलं, म्हणून अर्ज परत. आधार दुरुस्त करून पुन्हा अर्ज केला. मग कानाच्या डॉक्टरांचा वार आणि माझी सुट्टी जुळेना. जिल्ह्याच्या गावी पाच खेपा झाल्या. पाचव्या खेपेला कार्ड मंजूर झालं तेव्हा तिथल्या शिपायाने स्वतः चहा आणून दिला. हे सगळं दहावीतच उरकता आलं असतं, पण तसं सांगणारं कुणी नव्हतं.

आता पैशांचं, कारण खरं दुखणं तिथे आहे.

दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी केंद्र सरकारची मॅट्रिकोत्तर, म्हणजे दहावीनंतरच्या शिक्षणासाठीची, शिष्यवृत्ती आहे. शुल्क, निर्वाह भत्ता, पुस्तकं, दिव्यांग भत्ता असं त्यात बरंच काही मिळतं. अट पालकांच्या वार्षिक उत्पन्नाची, अडीच लाखांच्या आत. म्हणजे महिन्याला २० हजार ८३३ रुपये. माझं वर्षाचं उत्पन्न ३ लाख ४० हजार. अर्ज भरण्याआधीच आमची मुलगी बाद. ज्यांना ती मिळते त्यांचीही ओढाताण होतेच. आधी प्रवेश घ्यायचा, मग अर्ज करायचा, मग पडताळणी, आणि तोवर शुल्क, खोली, खाणं यांचा पहिला खर्च घरातूनच करायचा.

माझं म्हणणं एवढंच आहे की दिव्यांग मूल असलेल्या घराचं उत्पन्न नुसतं पगारावरून मोजू नये. श्रवणयंत्रं दर काही वर्षांनी बदलावी लागतात, त्यांच्या बॅटऱ्या, साचे, लहानपणीची वाचा उपचाराची फी, प्रत्येक तपासणीचा प्रवास आणि त्या दिवशी बुडालेली हजेरी, हा खर्च शेजारच्या वाहकाच्या घरात नाही. सरकारला हे कळत नाही असंही नाही. आयकराच्या जुन्या पद्धतीत ८०डीडी कलमाखाली अवलंबून असलेल्या दिव्यांग व्यक्तीसाठी ७५ हजार आणि तीव्र दिव्यांगत्व असेल तर सव्वा लाखाची वजावट मिळते. माझ्या उत्पन्नावर करच बसत नाही, म्हणून त्या वजावटीचा मला उपयोग नाही. पण मुलीच्या प्रमाणपत्रावर ९० टक्के, म्हणजे तीव्र दिव्यांगत्व आहे. तोच सव्वा लाख शिष्यवृत्तीसाठी उत्पन्न मोजताना वजा केला असता तर माझा आकडा २ लाख १५ हजार झाला असता आणि मुलगी पात्र ठरली असती. एकच सरकार आयकरात हा खर्च मानतं आणि शिष्यवृत्तीत मानत नाही. आपल्या खासदारांनी हा प्रश्न संसदेत विचारावा, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

मी कर्जासाठीही फिरलो. एका बँकेत साहेबांनी सगळे कागद पाहिले आणि विचारलं, "मास्तर, पण हिला पुढे नोकरी कोण देणार?" मुलगी शेजारी बसली होती. तिने माझ्याकडे पाहून, काय म्हणाले, अशी खूण केली. मी सांगितलं, कागद अपुरे आहेत म्हणतात. आजवर तिच्याशी मी खोटं बोललो असेन तर ते एवढंच.

ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. आमच्याकडे तो मार्चअखेरीस सगळ्यांना सारखा वाटतात. आम्हाला पंधराशे रुपये आले. घेतले, उपकार मानले. पण त्यातूनच गावातल्या एखाद्या शिकणाऱ्या मुलाचा पहिल्या प्रवेशाचा खर्च उचलावा, असा ठराव ग्रामसभेत का होऊ नये? मी दोनदा विषय मांडला. यंदा पुन्हा मांडणार आहे. शेवटी आम्ही पतपेढीचं कर्ज काढलं आणि बायकोच्या पाटल्या गहाण ठेवल्या. त्या अजून सुटलेल्या नाहीत.

'निश'च्या प्रवेशाच्या चाचणीसाठी मी आणि मुलगी नेत्रावती एक्सप्रेसने तिरुअनंतपुरमला गेलो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उतरलो. वाटेत तिने मला चार वेळा विचारलं, तिथल्या खुणा वेगळ्या असतील का. थोड्या वेगळ्या निघाल्याही. आवारात शिरलो तर झाडाखाली सात-आठ मुलं हातांनी गप्पा मारत होती. एकीने हिला नाव विचारलं, गाव विचारलं, आणि पाच मिनिटांत ही त्यांच्यात मिसळली. एकोणीस वर्षं अनोळखी माणसाशी ती जे काही बोलली ते माझ्या किंवा तिच्या आईच्या तोंडून बोलली. त्या दिवशी दीड तास मी बाजूच्या बाकावर बसून होतो आणि तिने एकदाही मला हाक मारली नाही. घरी फोन केला तेव्हा मला धड बोलता येईना. तिच्या आईला वाटलं, प्रवेश नाकारला.

आता ती संगणकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

संपादक महोदय, तुमच्या करिअर पुरवणीत इंजिनिअरिंग-मेडिकलच्या तारखा येतात. त्यात एक चौकट या मुलांसाठी असू द्या, आणि ती निकालानंतर नको, जानेवारीत द्या. तेव्हा दिली तर यूडीआयडी काढायला, उत्पन्नाचा दाखला मिळवायला, प्रवासासाठी पैसे बाजूला काढायला हातात वेळ राहतो.

मागच्या महिन्यात खालच्या गावातले एक मच्छीमार मला शोधत थेट डेपोत आले. त्यांचा मुलगा कर्णबधिर, आठवीत. शाळेने भाषा सवलतीचा अर्ज दिला होता, तो घडी घालून खिशात ठेवलेला. सही करू का, एवढंच विचारायला आले होते. गाडी सुटायला दहा मिनिटं होती. जमेल तेवढं सांगितलं आणि निवृत्त बाईंचा नंबर लिहून दिला. त्यांनी सही केलेली नाही. मुलगा दर रविवारी बाईंकडे इंग्रजी शिकायला जातो.

आपला,
एक पालक
(कृपया नाव छापू नये.)