आधी भेगांची नोंद, मग दुरुस्ती

महोदय,
आमच्या पेठेतल्या एका जुन्या वाड्याच्या भिंतीला मध्यंतरी सिमेंटचा गिलावा केला. आता गिलाव्याच्या वरच्या कडेला पांढरे क्षार फुललेत आणि तिथली वीट नखाने खरवडली तरी भुगा होऊन गळते. जोत्यातून चढणारी ओल आधीच्या चुन्याच्या गिलाव्यातून सुकून जायची. सिमेंटने तिची वाट अडवली, म्हणून ती वर सरकली. आयुष्य बांधकामावर काढलेल्या मला हे बघवत नाही.

विश्रामबागवाड्यासारख्या २०० वर्षांहून जुन्या वास्तू पुण्यात आहेत. तिथेही अशी घाईची दुरुस्ती नको; भेग दिसली की लगेच बुजवू नये. तिच्यावर काचेची पातळ पट्टी दोन्ही कडांना पक्की बसवून तारीख लिहावी. काच तडकली तर भेग अजून हलते आहे. उन्हाळा-पावसाळ्याचा फरक कळायला किमान वर्षभर बघावे लागते. भेग वर रुंद आहे की खाली, हेही टिपावे. पाया कुठे खचतोय याचा माग बऱ्याचदा त्यावरूनच लागतो. फोटो मोजपट्टी धरूनच काढावा, नाहीतर पुढच्या वर्षी तुलना कशाशी करणार?

महापालिकेने वारसा वास्तूंच्या दुरुस्तीची निविदा काढण्याआधी अशी नोंदवही सक्तीची करावी.

– एक निवृत्त ओव्हरसियर, कसबा पेठ, पुणे