तेरेखोलच्या दोन्ही काठांसाठी एक बैठक बसवा

प्रति,
मा. मुख्यमंत्री, गोवा राज्य
प्रत : मा. मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

तेरेखोल नदी सह्याद्रीतून उतरते, बांद्यावरून येते आणि आरोंदा-किरणपाणी मागे टाकून केरीजवळ समुद्राला मिळते. नकाशात ही नदी म्हणजे दोन राज्यांची हद्द. पण अगदी मुखाशी ही हद्द नदी सोडून उत्तरेच्या डोंगरावर चढते आणि तेरेखोलचा किल्ला व गाव गोव्यात घेते. त्यामुळे पेडणे तालुक्याचा एक तुकडा नदीपलीकडे, वेंगुर्ले तालुक्यातल्या रेडीला लागून आहे. या गावाला जमिनीवरून गोव्यात जायचे तर आधी महाराष्ट्रात जावे लागते.

हे असे का झाले, ते आपण जाणताच. किल्ला सावंतवाडीकर सावंत-भोसल्यांचा. १७४६ मध्ये तो पोर्तुगीजांनी घेतला, कारण मुख ज्याच्या हाती त्याच्या हाती नदी. पेडणे महाल त्यांच्याकडे गेला तो नंतर, १७८८ मध्ये. म्हणजे आज ज्यांना आपण दोन राज्यांची माणसे म्हणतो, ती एकाच संस्थानची रयत होती. सोयरिकी, देवस्थानांचे मान, जत्रा, बाजार सगळे अजूनही दोन्हीकडे आहे. १५ ऑगस्ट १९५४ ला गोवा मुक्तिलढ्यातले सत्याग्रही आल्फ्रेड आफोन्सो यांच्या तुकडीने याच किल्ल्यावर तिरंगा फडकवला, तेव्हा महाराष्ट्राकडच्या गावांनीही तो आपलाच मानला.

हद्द बदला, असे मी मागत नाही. महाराष्ट्रात विलीन व्हायचे नाही, हा निर्णय गोवेकरांनी १९६७ च्या जनमत कौलात दिला आहे आणि तो मला मनापासून मान्य आहे. माझे म्हणणे कारभाराबद्दल आहे.

तेरेखोलची पंचायत केरीशी जोडलेली. दाखला हवा, घरपट्टी भरायची, ग्रामसभेला बसायचे तर फेरीबोट. ओहोटी लागली की मुखाशी वाळूचा पट्टा वर येतो आणि बोट अडते. केरीच्या धक्क्यावर उभे राहिले की समोरचे घर, त्याच्या दारातली वाळत घातलेली कापडं दिसतात; हातात फाईल घेतलेली म्हातारी मात्र पाण्याकडे बघत पायरीवर बसलेली असते. तिला दुसरा रस्ता आहे तो रेडीकडे चढून, आरोंद्यावरून, किरणपाणीच्या पुलाने पेडण्यात उतरायचा. केरीच्या पुलाचा प्रश्न वर्षानुवर्षे भिजत पडला आहे. वाळूच्या टेकड्या आणि मुखाचा किनारा जपावा, ही त्यातली बाजू मला पटते. पण पूल होईपर्यंत या माणसांनी काय करायचे, याचे उत्तर कुणीतरी द्यायला हवे.

रात्री कुणी आजारी पडले की हद्द जास्त बोचते. तेरेखोलच्या माणसाला जवळची मदत रेडी-शिरोड्याकडची, म्हणजे दुसऱ्या राज्याची. इकडे आमच्या आरोंद्याच्या रुग्णाला मोठ्या इलाजासाठी बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचे इस्पितळच आठवते. जानेवारी २०१८ मध्ये तिथे परराज्यातल्या रुग्णांना शुल्क लागले, तेव्हा सिंधुदुर्गातला गोव्याला लागून असलेला दोडामार्ग तालुका पेटून उठला होता, आम्हाला गोव्यात घ्या इथवर मागणी गेली. पुढे महाराष्ट्राची जन आरोग्य योजना तिथे चालवण्याची तडजोड झाली. म्हणजे दोन सरकारे बसली तर वाट निघते. मग बसायला आधी आंदोलन का लागावे?

बेकायदा रेतीउपशाचेही तसेच. एका राज्याचे पथक आले की होड्या पलीकडच्या काठाला लागतात आणि पथक हात हलवत परत जाते. माडांच्या बागा मात्र दोन्ही काठांवरच्या ढासळतात. नदीला तहसील कळत नाही, आणि एकाच पात्राचे दोन पंचनामे दोन कचेऱ्यांत धूळ खात पडतात.

तिलारी धरणाच्या पाण्यासाठी १९९० साली दोन्ही राज्यांनी करार केला, आंतरराज्य नियंत्रण मंडळ नेमले. पाण्याच्या वाट्यासाठी जे जमले, ते या काठांवरच्या माणसांसाठी जमायला हरकत नसावी. त्याला मंडळही नको. पेडण्याचे मामलेदार, सावंतवाडी आणि वेंगुर्ल्याचे तहसीलदार, दोन्हीकडचे पोलीस आणि आरोग्य अधिकारी यांची दर महिन्याला एक बैठक, एकदा केरीला, एकदा आरोंद्याला, लोकांसमोर. रुग्णवाहिका कुणाची आधी निघणार, हे तिथे लेखी ठरावे. रेतीवर कारवाई दोन्ही काठांवर एकाच दिवशी व्हावी. पंचायतीचा माणूस आठवड्यातून एक ठरलेला दिवस तेरेखोल गावात येऊन बसावा. त्याला तर महाराष्ट्राची परवानगीही लागत नाही, आपली एक सही पुरे.

आपण पुढाकार घेतलात तर महाराष्ट्राला नाही म्हणणे जड जाईल. पावसाळ्यात फेरीबोटीचा भरवसा आणखी कमी होतो. म्हणून पहिली बैठक मे महिन्याच्या आत, केरीच्या धक्क्याजवळ घ्यावी आणि तिची तारीख दोन्ही काठांवरच्या पंचायतींच्या फलकावर आधी लावावी, ही विनंती.

आपला,
आरोंद्याचा एक रहिवासी