तक्रार: इन्सुलिनची ऑर्डर ऐन दिवशी रद्द करणं आणि डॉक्टरांची वैध चिठ्ठी नाकारणं

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय: एप्रिल महिन्याची इन्सुलिनची ऑर्डर आयत्या वेळी रद्द केल्याबद्दल आणि नंतरच्या ऑर्डरसाठी दिलेली चिठ्ठी नाकारल्याबद्दल

महोदय,

माझी मुलगी नववीत शिकते. तिला टाइप १ मधुमेह आहे. तिचं इन्सुलिन आम्ही दर महिन्याला तुमच्याकडून मागवतो. एप्रिलची ऑर्डर तुम्ही स्वीकारलीत, पैसे घेतलेत, 'पॅकिंग सुरू आहे' असा मेसेज पाठवलात आणि ज्या दिवशी पार्सल घरी यायचं त्याच दिवशी संध्याकाळी कळवलंत की वस्तू उपलब्ध नसल्यामुळे ऑर्डर रद्द झाली आहे, रक्कम पाच ते सात दिवसांत खात्यात जमा होईल. मी लगेच दुसरी ऑर्डर टाकायला गेले, तर तुमच्या यंत्रणेने डॉक्टरांची चिठ्ठीच नाकारली. या दोन्ही गोष्टींबद्दल माझी तक्रार आहे. ॲपवर केलेली तक्रार कुणीही फोन न करता 'निराकरण झाले' म्हणून बंद केली गेली, म्हणून हे पत्र.

रक्कम परत आली, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण टाइप १ म्हणजे काय, हे ऑर्डर रद्द करणाऱ्या माणसाला माहीत असायला हवं. माझ्या मुलीच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही. पथ्य, व्यायाम, गोळ्या यांनी ती उणीव भरून निघत नाही. इन्सुलिन पूर्ण थांबलं तर काही तासांत रक्तात कीटोन नावाची आम्लं वाढायला लागतात, उलट्या सुरू होतात आणि एक-दोन दिवसांत मूल अत्यवस्थ होऊ शकतं. दुसरीत असताना तिचा आजार कळला तो असाच, कोल्हापूरच्या आयसीयूत. ती अवस्था आम्ही एकदा पाहिली आहे. त्यामुळे 'उपलब्ध नाही' हे दोन शब्द आमच्या घरात कसे वाचले जातात, हे तुम्ही समजून घ्यावं अशी माझी विनंती आहे.

आम्ही गडहिंग्लजला राहतो. इथे मेडिकल दुकानं पुष्कळ आहेत आणि इन्सुलिनही मिळतं. पण ते बहुतेक ३०/७० चं मिश्रण (३० टक्के लवकर चालणारं आणि ७० टक्के मध्यम काळ चालणारं) असतं, कारण टाइप २ च्या वयस्कर पेशंटना तेच जास्त लागतं. माझ्या मुलीला रात्रीचं दीर्घकाळ चालणारं एक आणि प्रत्येक जेवणाआधीचं जलद चालणारं दुसरं, अशी दोन वेगळी इन्सुलिन लागतात, तीही पेनमध्ये बसणाऱ्या कार्ट्रिजमध्ये. तालुक्याच्या गावात त्याची मागणी मोजकी. दुकानदार ठेवायला बिचकतात, कारण माल खपला नाही तर फ्रिजमध्ये पडून मुदत संपते. त्यांना मी दोष देत नाही. नेमक्या अशा घरांसाठी तुम्ही 'दर महिन्याला न चुकता घरपोच' अशी जाहिरात केलीत आणि त्या शब्दावर विसंबून आम्ही इथल्या दुकानदाराला मागवायला सांगायचं बंद केलं.

आता चिठ्ठीबद्दल. तिच्या डॉक्टरांनी जानेवारीत दिलेल्या चिठ्ठीवर दोन्ही इन्सुलिनची नावं, डोस, दर महिन्याची संख्या आणि 'हेच औषध एक वर्ष दरमहा द्यावे' असं स्पष्ट लिहिलेलं आहे. सही, तारीख, नोंदणी क्रमांक सगळं आहे. फेब्रुवारी आणि मार्चमध्ये याच चिठ्ठीवर तुम्ही औषध दिलंत. एप्रिलमध्ये मात्र 'चिठ्ठी जुनी आहे, नवीन जोडा' असा शेरा आला. आमच्या गावातल्या मेडिकलवाल्या काकांनी मला औषध नियम, १९४५ मधला नियम ६५ काढून दाखवला. डॉक्टरांनी तसं लिहिलं नसेल तर चिठ्ठीवर एकदाच औषध द्यायचं, आणि किती वेळा किंवा किती अंतराने द्यायचं हे लिहिलं असेल तर त्याप्रमाणे द्यायचं, असं त्यात आहे. आमच्या चिठ्ठीवर ते लिहिलेलं आहे. मग तुमच्या यंत्रणेने ते वाचलं का नाही? वाचणारा माणूस होता का? नवीन चिठ्ठी आणायची तर कोल्हापूरला जायचं, म्हणजे माझा कामाचा एक दिवस आणि तिचा शाळेचा एक दिवस, तोही वार्षिक परीक्षेच्या तोंडावर. २०२० पासून फोनवरून किंवा व्हिडिओवरून पाठपुरावा करून नेहमीच्या पेशंटला पुन्हा चिठ्ठी देण्याची मार्गदर्शक तत्त्वं लागू आहेत. डॉक्टरांनी त्याप्रमाणे त्याच रात्री नवीन चिठ्ठी पाठवलीही. ती तुमच्याकडे 'पडताळणी सुरू' या शेऱ्याखाली अडकून राहिली.

शेवटी पडताळणी झाली तेव्हा संख्या कमी केलेली होती. जलद इन्सुलिनची चार कार्ट्रिज लिहिलेली असताना तीनच मंजूर. ग्राहक सेवेतल्या ताईंनी हिशोब सांगितला: सकाळी ८, दुपारी १०, रात्री ८, म्हणजे दिवसाला २६ युनिट, महिन्याला ७८०, एका कार्ट्रिजमध्ये ३०० युनिट, म्हणजे तीन पुरतात. कागदावर हा हिशोब बरोबर दिसतो, पण इन्सुलिन टोचणाऱ्या कुणालाही विचारलं तर ते तो चुकीचा आहे हे सांगतील. पेनमधून प्रत्येक वेळी टोचण्याआधी दोन युनिट हवेत सोडून सुई चालते का ते पाहायचं असतं. दिवसाला तीन वेळा म्हणजे महिन्याला १८० युनिट. बेरीज ९६० झाली, तुमच्या तीन कार्ट्रिजमध्ये ९००. यात शुगर वाढली की घ्यायचा जादा डोस अजून धरलेला नाही. ताप आला की मुलांची गरज वाढते, पाळीच्या सुमारास वाढते, परीक्षेच्या ताणाने वाढते. दीर्घकाळ चालणाऱ्या इन्सुलिनची गोष्ट आणखी वेगळी: कार्ट्रिज एकदा पेनमध्ये घातलं की साधारण २८ दिवसांनी, आत शिल्लक असलं तरी, टाकून द्यावं लागतं. हे सगळं धरूनच डॉक्टर संख्या लिहितात. ती कमी करण्याचा अधिकार तुमच्या यंत्रणेला कुणी दिला?

शिवाय महिना पूर्ण झाल्याशिवाय पुढची ऑर्डर टाकताच येत नाही, असा तुमचा नियम आहे. म्हणजे घरात चार दिवसांचं जास्तीचं इन्सुलिन साठवण्याची सोय तुम्हीच ठेवलेली नाही, आणि तुमच्याकडून उशीर झाला की फ्रिज रिकामा.

त्या संध्याकाळी तुमच्याकडच्या फार्मसिस्टचा पर्याय सुचवणारा फोन आला. तो या सगळ्यात मला सर्वांत धोकादायक वाटतो. त्यांनी ३०/७० मिश्रणाची बाटली पाठवू का, असं विचारलं आणि 'इन्सुलिनच आहे, चालेल' असंही म्हणाले. आपल्याकडच्या बाटल्या बहुतेक एका मिलीला ४० युनिटच्या असतात आणि त्यांना लाल टोपीची सिरिंज लागते. कार्ट्रिज एका मिलीला १०० युनिटची. ती सिरिंज घरात आली आणि कुणी घाईत कार्ट्रिजमधलं इन्सुलिन त्या लाल टोपीच्या सिरिंजमध्ये ओढलं आणि नेहमीच्या आकड्यापर्यंत भरलं, तर अडीच पट डोस शरीरात जातो. त्यात मूल बेशुद्ध पडू शकतं. मिश्रणात दोन्ही इन्सुलिनचं प्रमाण ठरलेलं असतं, जेवणाप्रमाणे एकच बदलता येत नाही. एका कंपनीचं कार्ट्रिज दुसऱ्या कंपनीच्या पेनमध्ये सहसा बसत नाही, म्हणजे ब्रँड बदलायचा तर बहुतेक वेळा पेनही बदलायचं. डॉक्टरांनी लिहिलेल्या औषधाऐवजी दुसरं देऊ नये, हेही त्याच नियम ६५ मध्ये आहे. मी सात वर्षं हे शिकत आले आहे म्हणून नाही म्हणू शकले. ज्यांच्या घरी हा आजार गेल्याच महिन्यात आला असेल, ती आई कदाचित हो म्हणेल.

मधले दिवस आम्ही कसे काढले, तेही लिहिते, कारण 'गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत' या तुमच्या मेसेजमध्ये त्यातलं काहीच येत नाही. टाइप १ मुलांच्या पालकांच्या आमच्या ग्रुपवर मी रात्री मेसेज टाकला. निपाणीच्या एका कुटुंबाने त्यांच्या मुलाच्या साठ्यातलं जलद इन्सुलिनचं एक कार्ट्रिज दिलं. त्यांचाही साठा मोजकाच होता. रात्रीच्या इन्सुलिनची सोय झाली नाही, म्हणून डॉक्टरांनी फोनवर तात्पुरतं एनपीएच, म्हणजे मध्यम काळ चालणारं इन्सुलिन, लिहून दिलं. ते गावात बाटलीत मिळालं. ते दुधाळ असतं, प्रत्येक वेळी बाटली तळहातांमध्ये हलकेच फिरवून घ्यावी लागते, आणि रात्री टोचलं की मध्यरात्रीनंतर जोर धरतं. म्हणून मी आणि तिचे बाबा आळीपाळीने रात्री उठून तिची शुगर तपासत होतो. एकदा ती ५८ पर्यंत उतरली, झोपेतून उठवून साखरेचं पाणी पाजलं. स्ट्रिप नेहमीपेक्षा कितीतरी जास्त लागल्या. आणि सकाळी ती परीक्षेला गेली.

त्याहून मला लागलं ते वेगळंच. कार्ट्रिज पुरावं म्हणून ती न सांगता कमी जेवायला लागली. 'भात नको, भूक नाही' म्हणायची. वाढत्या वयाची मुलगी इन्सुलिन वाचवण्यासाठी ताटातला भात कमी करते, हे मला कळलं तेव्हा मी तुमच्या ग्राहक सेवेला पुन्हा फोन केला. मला उत्तर मिळालं की ऑर्डर 'प्रक्रियेत' आहे.

शेवटी पार्सल आलं ते भर दुपारी. थर्माकोलच्या डब्यातले जेल पॅक पूर्ण वितळलेले, डबा हाताला गरम लागत होता. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंश तापमानात ठेवायचं असतं. वीज गेली तर इन्सुलिन मडक्यात कसं ठेवायचं, हे आम्हाला डॉक्टरांनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं आणि आम्ही ते आजही पाळतो. तुमच्या गोदामापासून आमच्या दारापर्यंत ते किती तापलं, हे सांगणारी एक पट्टीसुद्धा डब्यात नव्हती. मी परत घ्या म्हटलं, तर 'चिठ्ठीवरची औषधं परत घेतली जात नाहीत' असं सांगितलं गेलं. ती कार्ट्रिज मी वापरलेली नाहीत.

तुटवडा तुम्ही निर्माण केला असं मी म्हणत नाही. २०२५ मध्ये मानवी इन्सुलिनची काही पेन आणि कार्ट्रिज भारतातून टप्प्याटप्प्याने बंद होणार असल्याच्या बातम्या आल्या, तेव्हापासून आमच्या ग्रुपवर धास्ती आहे. उत्पादन कुठे करायचं, कशाचं करायचं, हे मोठ्या कंपन्या ठरवतात. पण इन्सुलिन राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, आणि २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशानुसार किंमत-नियंत्रित औषध बंद करायचं असेल तर उत्पादकाने किमान सहा महिने आधी सरकारला कळवून जाहीर सूचना द्यायची असते. सरकारने उत्पादकाकडून सहा महिने आधी सांगण्याची अपेक्षा ठेवली आहे. तुम्ही आम्हाला सहा तास आधीही सांगितलं नाहीत. तुमच्या गोदामात माल किती आहे, पुढचा कधी येणार, हे तुम्हाला आमच्या कितीतरी आधी दिसतं. आठ-दहा दिवस आधी 'या महिन्यात जमणार नाही' असा एक मेसेज आला असता, तर मी कोल्हापूरहून किंवा बेळगावहून सोय केली असती. इन्सुलिन नसणं एक वेळ समजू शकते. आहे असं सांगून शेवटच्या क्षणी नाही म्हणणं मला मान्य नाही.

म्हणून माझी मागणी अशी. इन्सुलिनच्या प्रत्येक मासिक ऑर्डरचा साठा पाठवण्याच्या किमान दहा दिवस आधी बाजूला काढून ठेवावा, आणि तो नसेल तर त्याच दिवशी फोन करून सांगावं. डॉक्टरांनी मुदत आणि संख्या लिहिलेली चिठ्ठी तशीच मान्य करावी. शंका असेल तर पात्र फार्मसिस्टने डॉक्टरांशी बोलावं, पण संख्या परस्पर कमी करू नये. टाइप १ च्या पेशंटना पुढची ऑर्डर एक आठवडा आधी टाकण्याची मुभा द्यावी. डॉक्टरांशी बोलल्याशिवाय दुसरं इन्सुलिन सुचवणं आजपासून बंद करावं. मला आलेल्या फोनचं रेकॉर्डिंग तुमच्याकडे असेल, ते संबंधितांना ऐकवावं. गरम आलेली कार्ट्रिज बदलून द्यावीत आणि ती नेण्यासाठी माणूस पाठवावा.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निराकरण एका महिन्यात व्हायला हवं. मला उत्तर लेखी हवं आहे, त्यावर उत्तर देणाऱ्या व्यक्तीचं नाव आणि हुद्दा असावा. तसं झालं नाही तर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार नोंदवेन. मे महिन्याच्या ऑर्डरची तारीख जवळ आली आहे. ती पुरी करणार की नाही, एवढं मात्र मला या आठवड्यातच कळवावं.

कळावे,

आपली ग्राहक,
गडहिंग्लज, जि. कोल्हापूर

सोबत: डॉक्टरांच्या दोन्ही चिठ्ठ्यांच्या प्रती, ऑर्डर रद्द झाल्याच्या आणि चिठ्ठी नाकारल्याच्या मेसेजचे फोटो, पार्सल उघडताना काढलेले जेल पॅकचे फोटो, मधल्या काळातली शुगरची नोंदवही.